छत्तीसच्या छत्तीस

विमल,

शनिवारी दुपारी आपण ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. तेवढंच. दोघांनी मिळून केलेलं त्याच्यापुढचं काही नाही. तू सुपात सोलत होती, मी ताटात, आणि माझ्या ताटात दाण्यांसंग अळ्याही पडून राहिल्या म्हणून तू दोनदा बोलली. आपल्या मधात फ्रीजमधून काढलेले कॅमेऱ्याचे दोन रोल होते. एक पिवळ्या डब्याचा, एक हिरव्या डब्याचा. वरुडच्या संत्रावाल्या पाटलांच्या नातवाचा मागच्या महिन्यात फोन आला होता. काका, आजोबाच्या वेळी तुमी बगीच्यात साऱ्या घरादाराचा फोटो काढला होता, तसाच पायजे. मोबाईलचा नको. रोलचा पायजे. आता अमरावतीत रोल कोण ठेवतो? आपल्या पोरीनं, सुनीतानं, अकोल्यावरून मोबाईलवर मागवून पाठवले, आणि कोणता पाहिजे ते समजलं नाही म्हणून दोन पाठवले. एकच पाठवला असता तर शेंगा गुपचूप सोलल्या गेल्या असत्या.

"हिरवा टाकतो," मी म्हटलं. "बगीचा हाय. पानं कशी दिसतीन."

तू वर पाहिलंही नाही. "झाडाईचा फोटो काढाले बलावलं का मानसाईचा?"

"दोन्ही येतीन ना वं फोटोत."

"येतीन. मागच्या खेपेले आले होते तसे."

मग मी चिडलो. पस्तीस वर्षं जुनी गोष्ट काढायचं काय काम होतं? मी म्हटलं, तू कॅमेरा धरला का कधी हातात? तू म्हटली, "धरला नाई, म्हनून तं दिसते मले." मग सूप उचललं, दाणे पाखडले आणि म्हटली, "उद्या सांगीन कोनता टाका लागते ते. आता शेंगा सोला."

उद्या तू काही सांगितलं नाही. सकाळी तुळशीला पाणी घालून पायरीवर बसली ती बसलीच. ऑटो, डॉक्टर, रडारड, ते काही मी लिहीत नाही. तू तिथंच होती.

मी सहावी शिकलेला माणूस. तू असती तर म्हटली असती, हे मास्तरावाणी काहून लिहून राहिले, तोंडानं बोला ना. तोंडानं कोणाशी बोलू? सुनीता घरात आहे, पण मी एकटा बोललो की ती दारात येऊन उभी राहते आणि डोळे पुसते. म्हणून कागदावर बोलून राहिलो.

मागच्या खेपेचं तू शनिवारी काढलं ते खरं होतं. पाटलांच्या बगीच्यात मी हिरव्या डब्याचा रोल टाकला होता. झाडं फळांनी वाकलेली, खाली सतरंजी टाकून बावीस माणसं बसवली, सावली बरी म्हणून झाडाखालीच बसवली. फोटो धुऊन आले तर पानं अशी की हात लावावा, आणि माणसं पानांच्या रंगाची. पानातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवा पडतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हातारे पाटील फोटो हातात धरून लय वेळ पाहत राहिले आणि म्हटले, "संत्री पिकलेली आली बुवा. मानसं कच्ची आली." सारा बगीचा हसला. मीही हसलो, आणि घरी येऊन तुझ्यावर चिडलो, कारण तू ते ऐकून माझ्याहून जास्त हसली.

पण दुसऱ्या दिवशी तूच विचारलं, पुन्हा कवा जाता? आणि पलंगावरची पांढरी चादर घडी करून पिशवीत टाकली. मी म्हटलं, हे काय? तू म्हटली, अकोल्यात आमच्या घरी दुपारी समोरच्या चुन्याच्या भिंतीवर ऊन पडलं की आमचं स्वयंपाकघर उजळते. तसं करू. पाटलांना झाडाखालून काढून कडेला बसवलं, तू एका बाजूनं उन्हात चादर धरून तिचा उजेड त्यांच्या तोंडावर पाडत उभी राहिली, मी पिवळ्या डब्याचा रोल टाकला, आणि माणसं माणसांसारखी आली. तोच फोटो त्यांच्या घरात अजून आहे. त्याच फोटोसाठी त्या नातवानं फोन केला.

तेव्हापासून तू माझ्यासंग यायला लागली. मोपेडवर मागं तू, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी, बगलेत चादर. स्टुडिओ काढायची आपली ऐपत नव्हती, म्हणून आपण लोकांच्या अंगणात, शेतात, बगीच्यात जाऊन घरच्यांचे फोटो काढायचो. नांदगाव पेठपासून वरुडपर्यंत कोणाच्या दारात कोणतं झाड आहे ते मला अजून सांगता येते.

आणि दर खेपेला भांडण. पिवळा की हिरवा, ते झालं की डब्यावरचा आकडा, शंभर की चारशे. शंभरच्या रोलाला ऊन लय लागते, पण फोटो भिंतीएवढा केला तरी चेहरा सायीसारखा राहतो. चारशेचा कमी उजेडातही निभावून नेते, पण मोठा केला की तोंडावर रवा सांडल्यासारखा दिसते. मी चारशेचा धरून बसायचो. लेकरं हलतात, म्हातारे डुलक्या देतात, सांज पडते, म्हणायचो. तू म्हणायची, "सांज काहून पडते? तुमी नऊ वाजता उठता म्हनून. तुमची झोप मोडत नाई आन् लोकाईच्या तोंडावर रवा." मी म्हणायचो, ऊन तुझ्याहून जास्त मी पाहिलं. त्यावर तुझं एकच उत्तर. "मी अकोल्याची हाव. मले ऊन नका शिकवू."

तू बरोबर होती. पिवळा, शंभरचा, आणि सकाळचं ऊन. हे मी आज लिहून राहिलो. तू ऐकू शकत होती तेव्हा एकदाही म्हटलं नाही. उलट लोक म्हणायचे, फोटो लय मस्त आला, तर मी म्हणायचो, कॅमेरा चांगला हाय. तू शेजारी चादर घडी करत असायची.

तुला अजून एक जमायचं, ते मला कधी जमलं नाही. घरचा मोठा माणूस खुर्चीवर बसला की बाकीचे आपोआप उभे राहतात, आणि सून असते ती सगळ्यात शेवटी, अर्धी फोटोत, अर्धी बाहेर, पदर नाकापर्यंत. तू चादर खाली ठेवायची, सरळ जाऊन तिचा हात धरायची आणि मधात आणून उभी करायची. कोणी सासू कुरकुरली की म्हणायची, "मधात घ्या वं तिले. मांगून हा फोटो तिलेच पुसा लागते." मग सासूही हसायची. किती सुना तू मधात आणल्या, विमल. आणि तू स्वतः चादरीमागं.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

तू गेली त्या दिवशी दुपारीच लोकांनी विचारलं, फोटो कुठाय? हार घालायला फोटो लागतो. मी घरात गेलो आणि उभाच राहिलो. आपल्या घरी हजारो लोकांचे फोटो आहेत. निगेटिव्हचे पत्र्याचे डबे माळ्यावर आहेत, ट्रंकेत आहेत, पलंगाखाली आहेत. तुझा एक नाही. लग्नाचा होता, तो आपल्या जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेला. सुनीताच्या लग्नात मी दुसरा फोटोवाला सांगितला होता, तर त्या दिवशी तू आचाऱ्याच्या मागं होती. सुनीताच्या मोबाईलमध्ये सापडली ती पाठमोरीच. शेवटी सुनीतानं तुझं आधार कार्ड काढलं. त्यातला फोटो पाहून तूच म्हटली होती ना, असा फोटो तुमी काढला असता तं लोकाईनं मारलं असतं तुमाले. तोच मोठा करायला मी दुकानात नेला.

दुकानवाला ओळखीचा. तो म्हटला, "काका, तुमी तं सवता फोटोवाले. एखादा चांगला आना ना."

मी म्हटलं, "तिले आवड नव्हती फोटोची."

मी तोंडावर बोलणारा माणूस म्हणून गावात माझं नाव आहे. कोणाच्या बापाला भिऊन बोललो नाही. आणि ते खोटं असं सहज निघालं, जसं पानाचं देठ तोडून टाकावं. दुकानवाल्यानं मान हलवली आणि मागं निळं आभाळ टाकून दिलं. तुझ्या कपाळावरच्या सुरकुत्याही त्यानं पुसल्या, मी सांगितलं नव्हतं तरी. आता स्टुलावर हार घालून जी बाई बसली आहे ती तू नाहीस. ती कोणीतरी तुझ्या नात्यातली आहे.

तिसऱ्या दिवसापर्यंत ते खोटं घरात फिरलं. दहाव्यापर्यंत सगळ्या गल्लीचं झालं. येणारी बाई फोटोकडे पाहते आणि मलाच सांगते, विमलबाईले फोटोची आवडच नव्हती, नाई का? मी म्हणतो, हो ना.

मी डबे काढले. पाच दिवस खिडकीशी बसून निगेटिव्ह उजेडात धरून पाहिले, की कुठं तरी तू सापडशील. सापडली. कडेला चादरीचा कोपरा आणि त्याच्यावर चार बोटं. एका ठिकाणी कोपर. एका ठिकाणी जमिनीवर लांब सावली, डोक्यावर पदर घेतलेली. मोठे फोटो करताना मी तेवढा भाग पट्टी लावून कापून टाकायचो, कारण फोटोत चादर दिसणं बरं नाही. तीस वर्षांत चार बोटं, एक कोपर आणि एक सावली. सुनीतानं विचारलं, काय पाहून राहिले बाबा? मी म्हटलं, जुने गिऱ्हाईक.

आमच्या धंद्यात एक रीत होती. खाली मारणे. घरच्यांचा फोटो झाला की शेजारचे जमतात, कोणाची आत्या, कोणाचा मामा, मलाही काढा, माझाही काढा. नाही म्हटलं की त्यांचं तोंड पडते. मग रोल नसला तरी कॅमेरा डोळ्याला लावायचा, बटण दाबायचं आणि म्हणायचं, आला. सगळेच करायचे, मीही करायचो. त्या फोटोची कॉपी मागायला सहसा कोणी येत नाही. तुला ते आवडत नव्हतं. आणि तुला लगेच कळायचं. कॅमेऱ्यात रोल असला की दांडी ओढताना वरची बारकी चकरी संग फिरते. खाली असला की चकरी गप्प उभी राहते. तू चकरीकडे पाहायची आणि रस्त्यात मोपेडवर मागून माझ्या पाठीत बोट टोचायची. "त्या म्हाताऱ्याले खाली मारलं ना? तो घरी जाऊन पोराईले सांगन का माहा फोटो काढला. त्याचं काय?"

मी म्हणायचो, तो खुश झाला ना, मंग झालं.

भातकुलीची दुपार तुला आठवत असेल. माझ्या डोक्यातून तर ती दहा दिवस गेली नाही. बौद्ध गुरुजींचं घर, बुद्धपौर्णिमा. मोपेड बिघडली होती म्हणून आपण एसटीनं गेलो होतो. घरातली सगळी पांढऱ्या कपड्यात, गुरुजींची म्हातारी आईसुद्धा पांढऱ्या लुगड्यात खुर्चीवर. मे महिन्याचं ऊन आणि एवढं पांढरं. मी कॅमेऱ्यातला उजेडाचा काटा पाहून सुरू करणार होतो, तर तू मागून हळूच म्हटली, "कपड्याचं माप नका घेऊ. चेहऱ्याजोळ जाऊन घ्या. नाई तं कपडे तेवढे येतीन आन् मानसं अंधारात जातीन." मी म्हातारीच्या तोंडाजवळ कॅमेरा नेऊन माप घेतलं. ते फोटो माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. गुरुजींनी पत्र पाठवून सांगितलं होतं, आईच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते. ते पत्र मी चारचौघांना दाखवलं. तुझं नाव घेतलं नाही.

फोटो संपले. रोल गुंडाळून तू पदराच्या सावलीत काढला, उन्हात काढला की कडेनं उजेड शिरते म्हणून, डबीत टाकला आणि डबी कमरेला खोचली. सगळं आपण आवरतच होतो, तर म्हातारी खुर्चीवरूनच म्हटली, "काय बापू, बाईचा नाई काढत का एक? सकाळपासून चादर धरून उभी हाय."

सगळे हसले. तू लाजली. आणि मग, विमल, तू माझ्याकडे पाहिलं आणि म्हटली, "काढा ना एक."

एवढ्या वर्षांत तेवढंच मागितलं. पेटीत एक कोरा रोल होता. दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठेच्या एका घरी लागणार होता. तो टाकला असता, छत्तीसातला तुझा एक काढला असता, तर त्यांच्यासाठी पस्तीस उरले असते. त्यांना पस्तीस खूप झाले असते. पैशाची गोष्ट नव्हती. एसटी चुकेल एवढी घाईही नव्हती. खरं सांगायचं तर मनात आलं, बायकोचा काय फोटो काढायचा, ती तर रोजच दिसते.

मी म्हटलं, "काढतो की. राहा उभी."

तू निंबाच्या झाडापुढं जाऊन उभी राहिली. ऊन डावीकडून येत होतं. डोक्यावरचा पदर सारखा केला, मग खांद्यावर घेतला, मग पुन्हा डोक्यावर घेतला. दोन्ही हात कुठं ठेवू ते तुला समजेना. शेवटी एक हात कमरेवर ठेवला. इतक्या लोकांना तू हात कसे ठेवायचे ते सांगितलं होतं, आणि स्वतःच्या वेळी विसरली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, दांडी ओढली, बटण दाबलं.

"आला का?" तू विचारलं.

"आला."

"बरा आला असन," तू म्हटली, आणि चादरीची घडी करायला लागली.

मी मनाला सांगितलं, तिच्या डोळ्यावर ऊन होतं. तिला चकरी दिसली नसेल. हे मी मनाला तीस वर्षं सांगत आलो. तू कधी विचारलं नाही, माझी कॉपी कुठाय. एकदाही नाही. ज्यांना मी खाली मारलं त्यातले काही तरी कधी रस्त्यात भेटले की विचारायचे. तू नाही. म्हणून मला वाटायचं, विसरली.

काल संध्याकाळी मी डबे पुन्हा माळ्यावर ठेवत होतो. एक प्लास्टिकची डबी खाली पडून लुडकत गेली, आणि मला एसटीतली तू आठवली. भातकुलीहून परत येताना. तुला खिडकी दिली होती. बडनेऱ्याजवळ कमरेची डबी काढून तू माझ्या हातावर ठेवली आणि म्हटली, "हा घ्या तुमचा रोल. छत्तीसच्या छत्तीस झाले."

मी म्हटलं, बरं झालं. आणि खिशात टाकला.

छत्तीसच्या छत्तीस. एकही उरला नव्हता, आणि ते तू मला सांगून राहिली होती. तू झाडापुढं उभी होती, पदर सारखा करत होती, आणि भरलेला रोल तुझ्या कमरेला होता. ज्या कमरेवर हात ठेवला तिथंच. माझ्या हातातला कॅमेरा खाली आहे हे तुला चकरी न पाहताही माहीत होतं. मला वाटते, तू मागितलं तेव्हा तुला वाटलं असेल, हा नवीन रोल टाकेल. मी दांडी ओढली तेव्हा तुला कळलं. आणि समोर गुरुजी, त्यांची आई, लेकरं. तू माझी इज्जत ठेवली. बटण दाबेपर्यंत नीट उभी राहिली. तो म्हातारा घरी जाऊन पोरांना सांगेल म्हणून माझ्या पाठीत बोट टोचणारी बाई, आपल्या वेळी गप्प बसली.

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुला येत होत्या चांगल्या.

काल रात्री जेवलो. सुनीतानं सोल्याची भाजी केली होती, आपण सोललेल्या दाण्यांचीच, तू फ्रीजमध्ये ठेवले होते ते. मी म्हटलं, मीठ कमी हाय. नव्हतं कमी.

आज सकाळी माझी चुलतबहीण कमला अकोल्याहून आली. तू असताना आली असती तर आधी तुझ्या चहाला नावं ठेवली असती. आता फोटोकडे पाहिलं आणि म्हटली, "वयनी अशी नव्हती दिसत, दादा. पन काय करता, तिले फोटोची आवडच नव्हती."

"होती," मी म्हटलं.

"काय?"

"आवड होती. तिनं मांगतला होता. मी काढला नाई."

सुनीता आत चहा गाळत होती. गाळणी हातात घेऊनच दारात आली. "काय म्हनलं बाबा?"

मी सांगितलं. भातकुलीचं, म्हातारीचं, झाडाचं. "रोल संपला होता. मी खाली मारलं तुह्या आईले."

कमलाला समजलं नाही. "खाली म्हंजे?" तिनं सुनीताला विचारलं. सुनीताला समजलं. ती फोटोवाल्याची पोरगी आहे. ती खाली जमिनीवर बसली.

"मले तुमी सांगतलं तिले आवडत नव्हतं," ती म्हटली. "मी साऱ्या लोकाईले तेच सांगतलं बाबा."

"खोटं सांगतलं तुले."

"एक रोल टाकला असता तं काय झालं असतं?"

"काई नसतं झालं," मी म्हटलं.

ती रडली नाही. रडली असती तर मला काही तरी करता आलं असतं. गाळणी जमिनीवर ठेवून तिनं विचारलं, "कशी उभी होती?" मी सांगितलं, जसं वर लिहिलं तसं सगळं. ऊन कुठून होतं, पदर किती वेळा घेतला, कोणता हात कमरेवर. मी एवढं बारीक सांगू शकतो हे पाहून तिचं तोंड जरा सैल झालं. मग ती म्हटली, "साडी कोनती होती?"

विमल, मला आठवत नाही.

पिवळा की हिरवा म्हणून मी तुझ्याशी जन्मभर भांडलो. कोणाच्या बगीच्याचं पान कसलं हिरवं आलं ते मला आज सांगता येते. तुझी साडी नाही सांगता येत. निळी म्हटली असती तर पोरीनं मान्य केलं असतं, आणि पुढं तिच्या लेकरांनाही तीच निळी साडी सांगितली असती. मी म्हटलं, "मले नाई आठवत."

"तवाच्या साड्या आता कुठी," कमला म्हटली. "गोधड्याईत गेल्या असतीन."

सुनीता उठली. आतल्या खोलीत जाऊन गाद्यांच्या थप्पीतून तिनं दोन गोधड्या ओढून आणल्या, तू शिवलेल्या. पलंगावर टाकणार होती. मी म्हटलं, इथी नको, घरातल्या उजेडात रंग खोटा दिसते. बाज मी स्वतः अंगणात ओढत नेली. सुनीता म्हटली, तुमी नका उचलू. मी उचलली. गोधड्या उन्हात पसरल्या आणि चष्मा लावून एकेक तुकडा पाहायला लागलो. मेंदीचा एक. वांग्याच्या रंगाचा एक. एकावर बारीक फुलं, एकावर काठाची नुसती रेघ. धुऊन धुऊन सगळे एकमेकांच्या जवळ आले आहेत. सुनीता बोट ठेवत होती. हा होता? नाही. हा? माहीत नाही. हा तं सुताचा हाय बाबा, हा आईनं कवा घातला? माहीत नाही, बाई.

कमलाचा चहा ओट्यावर थंड झाला. ऊन बाजेच्या दुसऱ्या टोकापर्यंत आलं. वरचे सगळे तुकडे पाहून झाले, तेव्हा मी गोधडी उलटी केली, कारण आतल्या अंगाला रंग कमी उडतो, आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून पाहायला लागलो.